कुंकू लावलेला नारळ

आई, मी कोण ते आठवतंय ना? तुमचा काही भरवसा नाही म्हणून विचारलं. आंघोळीचं पाणी स्वतःच तापत ठेवून, विहिरीवर जाऊन गार पाण्याने आंघोळ करून येणारी बाई तुम्ही. तिकडे गेल्यावर तर काय, सगळंच पुसून टाकलं असेल. तेव्हा सांगते: मी तुमची सून, वैभववाडीकडची. ‘समुद्राक भियाणारा चेडू’ म्हणून तुम्ही अख्ख्या वाडीत जिची ओळख करून दिलीत ती. मला अक्षर येत नाही, नात लिहून घेते आहे. माझं मालवणी ती शाळेतल्यासारखं सरळ करते, पण तुमच्या बोलण्याला मी तिला हात लावू दिलेला नाही.

यंदाच्या नारळी पुनवेला तुमची फार आठवण झाली. माझी पहिली पुनव तुम्हांला नक्की आठवत नसणार. गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांकडे होता. लग्न होऊन मी मालवणात आले आणि तुमचा मुलगा लगेच जहाजावर गेला. घरात तुम्ही, मी आणि तो मेला समुद्र. आमच्याकडे डोंगर गप्प उभे असतात, इथे रात्रंदिवस कुणीतरी भांडतंय असं वाटायचं. माहेरचं नाव काढलं की माझे डोळे भरायचे. पुनवेनंतर भाऊ न्यायला येणार असा निरोप आला आणि तुम्ही काय केलंत? भाताच्या कणगीतून दोन नारळ बाहेर काढलेत. एक शिमग्यापासून जपून ठेवलेला, लहानसा, काळपट, करवंटी दगडासारखी. दुसरा दिसायला हुबेहूब तसाच, पण साधा. म्हणालात, “आपण लढवया. माजो जिकलो तर तू गणपतीपर्यंत हंयच रवतलंस. तुजो जिकलो तर जा भावाच्या वांगडा.” जपलेला नारळ कुणाचा ते विचारायची माझी छाती नव्हती. तुम्ही त्याला कुंकवाचं बोट लावलंत आणि म्हणालात, “ह्यो माजो. हात लावशीत तर बघ!”

पुनवेच्या दिवशी पुरुषमाणसं समुद्राला नारळ द्यायला बंदरावर गेली आणि आपल्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बायका जमल्या. बंदरावर पुरुष नारळ लढवतात, तर आपण का नको, हे तुमचंच खूळ. एकीने नारळ घट्ट धरायचा, दुसरीने आपला त्यावर आपटायचा, फुटेल ती हरली, आणि फुटलेला नारळ जिंकणारीचा. मी मान खाली घालून उभी. मनात भावाला परत पाठवायची तयारी चाललेली. तुम्ही आमचे दोन्ही नारळ देव्हाऱ्यासमोरून उचलून आणलेत आणि मधेच थांबलात. सकाळी पूजेच्या वेळी देवापुढच्या एकूण एक नारळाला तुम्हीच कुंकू लावलं होतंत. दोन्ही लालबुंद. शेजारीण म्हणाली, “गो म्हातारे, आता तुजो खंयचो?” तुम्ही एक कानाशी धरलात, नखाने वाजवलात, मग दुसरा, मग परत पहिला. माझ्याकडे बघितलंत. आणि एक माझ्या हातात कोंबलात. “घे. घट धर. फुगडी घालूक आयलंस काय?”

तुम्ही आपटलात आणि तुमचाच दुभंगला. पाणी तुमच्या लुगड्यावर, बायका हसून हसून जमिनीवर. “सुनेन म्हातारेक हरवल्यान!” तुम्ही लुगडं झटकत नुसतं म्हणालात, “माका इसार पडलो गो. सगळ्यांकच कुंकू लावलंय, माका काय म्हायत?” मी रडायला लागले तर ओरडलात, “जिकलेला माणूस रडता काय?” आणि त्याच फुटक्या नारळाची गूळ घालून वडी थापलीत, केळीच्या पानात बांधून माझ्या पिशवीत घातलीत. भावाबरोबर मी बसमध्ये बसले. तळेऱ्याला बस बदलायला थांबलो तेव्हा ती पुडी सोडली आणि मला पहिल्यांदा वाटलं, गणपतीपर्यंत ही बाई एकटी कुणाशी भांडणार?

मुद्दाम हरलात, असं मी तेव्हापासून धरून चालले. त्या एका नारळावर मी तुमचे पुढचे सगळे टोमणे गिळले. तुम्ही आजारी पडलात तेव्हा तुमची सेवाही त्याच जोरावर केली. मधूनमधून विचारायची, तर तुमचं एकच, “खंयचो नारळ? माका आठवणा नाय.”

यंदा नातसुनेची पहिली पुनव. मीही तिच्याशी नारळ लढवला. दोन्ही कानाशी धरून वाजवले, अगदी तुमच्यासारखे, एक तिला दिला आणि माझाच फुटला. पोरगी गळ्यात पडली. “आजी, तुम्ही मुद्दाम हरलात ना? मला कळतं हो!” मी म्हटलं, “इसारलंय गो.” सगळ्या घराला माझं किती कौतुक! आई, खरं तुम्हांलाच सांगते. मला हल्ली नारळाचा आवाज ऐकूच येत नाही. हाताला लागला तो दिला. आणि तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की तुम्हांलाही त्या वर्षी खळ्यात शिरलेली गाय हंबरलेली ऐकू यायची नाही. म्हणजे मी जन्मभर तुमच्या मायेच्या पाया पडत राहिले, ती माया होती की बहिरेपण?

पण मग नारळ देण्याआधी तुम्ही माझ्याकडे का बघितलंत? मी तर नातसुनेकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

नात विचारते, हे कुठे पाठवायचं? कुठे नाही, बाई. कणगीत ठेव. पितृपक्षात महाळाला कावळा इथलं पान तुमच्याकडे नेतो, मग येताना रिकामा कशाला येतो मेला? त्याच्या हाती वडी पाठवा. मुद्दाम हरला असाल तर गुळाची, विसरला असाल तर साखरेची. नाही, थांबा. काय झालं असेल ते असो, गुळाचीच पाठवा. आणि जरा मऊ थापा, मला दात राहिलेले नाहीत.