जोडीच्या पट्ट्या

लिहून ठेवणार: रुक्माबाई बेवा पुंडलिकराव इंगोले, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ, धंदा शेती, वय सत्तरीच्या घरात. नक्की वय माझ्या आईला ठाऊक होते, आणि ती आता विचारण्याच्या पलीकडे आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते आहे आणि कचेरीतले अर्जनवीस नागोराव लिहीत आहेत. त्यांना सांगितले आहे की माझे बोलणे कायद्याच्या भाषेत बसवा, पण बसवताना त्याचे हातपाय कापू नका.

माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने यावे आणि विलायतेच्या टेनिस स्पर्धेत कोणत्या वर्षी कोणी कोणाला हरवले ते मला विचारावे, मग स्वतःच्या डोक्याची चौकशी करावी. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. माझा मुलगा उकंडा जोर करायला येऊन गेला. त्याला चहा पाजून परत लावला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याचा कंटाळा आहे, म्हणून हेच शेवटचे समजावे.

कलम पहिले. राहते घर, आर्णीच्या वाटेवरचे पऱ्हाटीचे शेत, बैल, बैलबंडी आणि वखर हे सर्व उकंडाला. त्याने बापासारखे राबून शेत राखले, त्यात माझे भांडण नाही. घरातली भांडी सुनेला. तिने माझ्या पाठीमागे माझ्या वरणाला नावे ठेवली. ती बहुतेक खरी होती.

कलम दुसरे. कापसाच्या जिनाच्या बंगल्यामागचा सात गुंठ्यांचा तुकडा. एवढे शाई-कागद त्याच्यासाठीच आणले. माझ्यामागे त्याच्यावर नांगर फिरणार की सारवण पडणार, एवढे मला जिवंतपणी ठरवून जायचे आहे.

हा तुकडा माझ्या यजमानांनी जिनातल्या क्लबाला मक्त्याने दिला होता. त्यावर त्या लोकांनी टेनिसचे मैदान केले. आपल्याकडे हिरवळ कुठली टिकायला. खाली मुरूम, वर पांढरी माती, आणि त्यावर शेणाचे सारवण. सारवले नाही तर माती उडते आणि चेंडू कुठेही जातो. क्लबवाल्यांनी या कामाला तांड्यावरची बाई लावली हे कळले तेव्हा मी पदर खोचून गेले. माझ्या जमिनीला दुसरीचा हात कशाला लागावा. ती बाई म्हणजे जमनीबाई भ्रतार धावजी राठोड. तिने पाटीतून मान वर केली नाही. म्हणाली, "जमीन तुही असंल. शेन माहं हाय. सांग, कायनं सारवतं?"

तेव्हापासून आम्ही दोघी. ती डाव्या अंगाने सारवत यायची, मी उजव्या अंगाने, आणि मधल्या रेघेवर गाठ पडायची. संध्याकाळी साहेब लोक खेळायचे आणि आम्ही कडुलिंबाखाली बसायचो. खेळ कोणी शिकवला नाही. ज्या जागी पाऊल घसरून सारवण निघते, तिथे काय घडले असेल ते सकाळी आम्हाला दिसायचे.

छप्पन साली आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला. त्याच सुमारास क्लब मोडला आणि तुकडा माझ्याकडे परत आला. सोबत एक जाळी, एक दगडी रोलर आणि दोन रॅकेटी सोडून गेले. उकंडा दुसऱ्याच दिवशी बैल घेऊन आला. मी रोलरवर बसले होते, उठले नाही. तो म्हणाला, "आई, लोकायले पोटाले जवारी लागते, तुले चेंडू लागते काय?" मी म्हटले, "हो." हायस्कूलचे मास्तर लोक संध्याकाळी खेळायला येऊ लागले. मैदान राहिले.

कलम तिसरे. रेडिओ. हा माझ्या स्वतःच्या कापसाच्या पैशातून घेतलेला आहे. तो नात सिंधूला मिळावा. भजनाला लावायला हरकत नाही, पण जून संपताना विलायतेची स्पर्धा सुरू झाली की भजन बंद. देव तेवढे दिवस थांबतो, मी पाहिलेले आहे.

या रेडिओवर आम्ही काय काय ऐकले. मी आणि जमनी निवडणे-टिपणे घेऊन बसायचो. बबनराव मास्तर इंग्रजी बातम्यांचे मराठी करून सांगायचे, दुसऱ्या दिवशी पेपर वाचून दाखवायचे. साठ साली आपला कृष्णन विलायतेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याला डावखुऱ्याने हरवले. एकसष्ट साली पुन्हा तिथवर गेला, पुन्हा डावखुऱ्यानेच हरवले. या वेळचा डावखुरा म्हणजे लेव्हर. त्या दिवसापासून मी डावखुऱ्यांवर राग धरला, आणि देवाने घरात आधीच सिंधू दिलेली, ती डाव्या हाताने जेवणारी. सुनेने तिचा डावा हात ओढणीने बांधला होता. मी सोडला. राग आपल्या जागी, नात आपल्या जागी. पुढे तिने त्याच हाताने मास्तरांना दमवले.

जमनीचा जीव मात्र वेगळ्याच लोकांवर होता. जे खेळाडू पैसे घेऊन खेळत, त्यांना मोठ्या स्पर्धांची दारे बंद असत. मग ते आपली टोळी करून गावोगाव सामने करत हिंडत. मास्तरांनी हे समजावून सांगितले तेव्हा जमनी हसली. तिचे सासरे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. त्या फिरण्याला ते लदेणी म्हणतात. ती म्हणाली, "हे तं आमची लदेनीच झाली. बैलाच्या जागी बॅट." मी म्हणायचे, हौसेने खेळतो तोच खरा. ती म्हणायची, "तू सारवाचे पैसे घेतले तवा तुहा हात हलका झालता काय?" यावर मी तिला शेण पातळ झाल्याचे सांगत असे.

यंदा, म्हणजे अडुसष्ट साली, त्या लोकांना दारे उघडली. आधी फ्रान्समध्ये, जिथे लाल मातीवर खेळतात आणि जी स्पर्धा मला माझ्या माहेरची वाटते. मग विलायतेत. आणि विलायतेत जिंकला कोण, तर तोच लेव्हर, जो मधली वर्षे पैसे घेऊन खेळतो म्हणून बाहेर होता. तरी या मुद्द्यावर जमनीचे खरे आणि माझे खोटे ठरले, हे मी या कागदावर कबूल करते. तोंडाने कबूल करणार नाही.

कलम चौथे. जाळी, रोलर आणि दोन्ही रॅकेटी सिंधूला. तिच्या लग्नात रोलर आंदण म्हणून देऊ नये. चार माणसांशिवाय तो हलत नाही, आणि व्याह्यांना पहिल्याच दिवशी राबवणे बरे दिसत नाही.

कलम पाचवे. जोडीच्या पट्ट्या. ज्याला खेळ ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. एकेकटे खेळतात तेव्हा मैदान अरुंद असते. दोघादोघांची जोडी खेळते तेव्हा दोन्ही अंगांना एकेक लांब पट्टी आणखी धरतात. पट्टी हातभर रुंदीची नाही, दहा वर्षांचे पोर आडवे झोपेल इतकी असते.

सहासष्टच्या मृगात मी यवतमाळला बहिणीकडे गेले होते. परत आले तो उकंडाने दोन्ही पट्ट्या वखरून तूर पेरलेली. म्हणाला, "मधलं तं ठेवलं ना. खेळनारे दोघंच रायतेत." आणि तांड्यावर आवई उठली की रुकमानेच पेरायला लावली. जमनी आली, तुरीच्या कोंबांकडे पाहिले, पाटी उलटी केली आणि म्हणाली, "एकटीचा खेळ कर आता." तिने मला विचारले नाही. मी तिला सांगितले नाही. जी बाई माझ्या उजव्या हाताची चाल डोळे मिटून ओळखते, तिला एवढे विचारावेसे वाटले नाही, याचा मला राग होता. अजून आहे. तो कोणाला वाटून देता येत नाही, म्हणून सोबत नेण्याचा विचार होता.

त्याच वर्षी डिसेंबरात आपला देश डेव्हिस कपच्या शेवटच्या लढतीसाठी ऑस्ट्रेलियात होता. पहिल्या दिवशी आपण हरलो. दुसरा दिवस जोडीच्या सामन्याचा. मी रेडिओ कडुलिंबाखाली आणला. तूर तेव्हा माणसाच्या उंचीची होऊन शेंगांवर आली होती. तिच्या पलीकडे कोणी येऊन बसले. बांगड्या वाजल्या, त्या मी ओळखल्या. मास्तर बातमी ऐकून हळू सांगू लागले तेव्हा मी म्हटले, "मास्तर, मोठ्यानं सांगा, मले कमी आयकू येते." माझे कान तेव्हाही चांगले होते आणि आजही आहेत. मास्तरांनी ओरडून सांगितले की कृष्णन आणि मुखर्जी पहिला डाव हरले, पण मग तीन डाव घेतले आणि त्यांच्या नामांकित जोडीला त्यांच्याच गावात पाडले. मी टाळी वाजवली. तुरीपलीकडेही टाळी वाजली. बराच वेळ दोन्ही वाजत होत्या. पुढे एकेकट्याचे सामने आपण हरलो आणि कप गेला. त्या लढतीत आपल्या देशाने जिंकले ते एवढेच, जोडीचे. जमनी तुरीपलीकडूनच उठून गेली. पट्टी ओलांडायला चार पावले लागतात.

कलम सहावे. म्हणून असे ठरवते की सात गुंठ्यांचा तुकडा मैदान म्हणूनच राहावा. त्यावर नांगर, वखर, पेरणी करू नये. दोन्ही पट्ट्या, ज्यांत उकंडा अजून दर मृगात तूर पेरतो, पुन्हा मैदानात घ्याव्या. मालकी अर्धी सिंधूची, अर्धी जमनीबाईची.

एवढे झाल्यावर मी उकंडाला बोलावून घेतले आणि सिंधूला तांड्यावर पाठवले. जमनी आली. तिच्यासमोर काय झाले तेही नागोरावांनी लिहावे, असे मी सांगते.

जमनी बसली नाही. उभ्याने सगळे वाचून घेतले. लदेणीचे आले तेव्हा म्हणाली, "हे पुन्ना वाचा." पुन्हा वाचले. पट्ट्यांचे आले तेव्हा तिने उकंडाकडे पाहिले. उकंडा म्हणाला, "मावशी, आईनं सांगतलं नोतं. मीच वखर घातला."

"मंग दोन वर्सं तुह्या तोंडात तूर भरली होती काय?" मग माझ्याकडे वळून, "अन् तू काहून नाही बोलली?"

"तू काहून नाही विचारलं?"

नागोरावांनी विचारले, हेही लिहू का. लिहा म्हटले.

मालकीचे कलम ऐकून ती म्हणाली, "मले जमीन नोको. जमीन तुही अन् सारवन माहं, हे पयल्याच दिवशी ठरलं होतं." नागोराव म्हणाले की मग जमनीबाई साक्षीला चालतील, कारण ज्याच्या पदरात काही पडते त्याने साक्ष टाकू नये, मागून तंटा होतो. जमनी म्हणाली, "मंग साक्षच टाकते. पन आंधी पट्ट्यायतली तूर उपट."

मी म्हटले, कळीवर आलेली तूर मी उपटणार नाही, कोणाच्याही रुसव्यासाठी नाही. पौषात निघेल.

"तवरोक तू राह्यशील?"

"मृत्युपत्र लिवलं म्हंजे मराचं कबूल केलं थोडंच."

"लिहून दे."

सबब कलम सहाव्यातील जमनीबाईची मालकी तिच्या सांगण्यावरून काढून टाकली आहे. पूर्ण तुकडा सिंधूचा. मैदान आणि पट्ट्यांची अट कायम. उकंडा समोर उभा असून त्याने मान हलवली आहे.

कलम सातवे आणि शेवटचे. पौषात तूर निघून, ढेकळे फोडून, दोन्ही पट्ट्यांना रोलर आणि सारवण लागून चुन्याच्या रेघा पडेपर्यंत मी मरणार नाही, असे मी, रुक्माबाई, राजीखुशीने लिहून देते. हे कायद्यात बसत नाही असे नागोराव म्हणतात. त्यांनी बसवावे.

सगळे वाचून दाखवले, ऐकले, पटले, म्हणून अंगठा उठवला. ठिकाण दारव्हा. तारीख १४ ऑक्टोबर १९६८.

उजव्या बाजूस: रुक्माबाई बेवा पुंडलिकराव इंगोले, निशाणी अंगठा.

साक्षीदार: बबनराव मास्तर, हायस्कूल, दारव्हा, सही. त्यांना यात काही ठेवलेले नाही, त्यांची साक्ष निर्धोक आहे.

साक्षीदार, डाव्या बाजूस: जमनीबाई भ्रतार धावजी राठोड, राहणार तांडा, निशाणी अंगठा.

दस्तुर नागोराव, अर्जनवीस. दोन अंगठ्यांच्या मधे रेघ ओढायची वहिवाट आहे. बाईंनी ओढू दिली नाही. म्हणाल्या, "आमी दोघी जाळीच्या एकाच अंगाले हाव."