वाकडा घोडा आणि तुझे दाजी

चि. बसू यास अक्काचा भरभरून आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे? जड उचलू नकोस. इकडं सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? फोनवर सांगता येत नाही, कारण तुझे दाजी शेजारीच गप्प बसलेले असतात (आणि त्या गप्प बसण्याचंच तर सांगायचंय).

गेल्या रविवारी शुक्रवार पेठेत बुद्धिबळ स्पर्धेचा शेवटचा डाव होता. मी डबा घेऊन गेले होते. दाजी कसे खेळतात तुला ठाऊक आहे. जिल्ह्यात त्यांना हरवणारा शोधावा लागतो. समोर बार्शीचा आदिनाथ, बँकेत असतो. यांनी त्याला असा कोंडला होता की मलासुद्धा कळलं (मला आपलं घामावरून कळतं). एवढ्यात यांना त्याचा घोडा दिसला. जरा वाकडा उभा होता. आता भवानी पेठेतल्या दुकानात जन्मभर चादरींच्या थप्प्या सरळ करणारा माणूस! (तुझ्या लग्नात भर मांडवात स्वामींची शाल यांनीच सारखी केली होती, आठवतंय ना?) गेला की हात. घोडा सरळ झाला.

अरे, नियम असा की ‘नीट करतोय’ असं आधी न सांगता समोरच्याच्या मोहऱ्याला हात लावला, तर ते मारावंच लागतं. मारू शकत होता फक्त यांचा वजीर, आणि घोड्याच्या राखणीला प्यादं टपलेलं! पंचाचं लक्ष नव्हतं. आदिनाथ हळूच म्हणाला, “राहू द्या काका, कुणी बघितलं न्हाई.” हे म्हणाले, “मी बघितलं की.” आणि आपल्या हातानं वजीर घालवला. डाव गेला, पहिला नंबर गेला. मला लई राग आला बघ, आणि डोळेही भरून आले.

तेव्हापासून पट कपाटावर. “आता खेळणं बास,” एवढंच बोलले. यांचा खेळगडी तिप्पण्णा रोज संध्याकाळी डावासाठी दारातून हाका मारून परत जातो. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी शेंगापोळी केली, तर एकच खाल्ली. यावरून काय ते समज. खेळाशिवाय हा माणूस कसा राहायचा, याचीच मला काळजी लागलीय.

तुझी,
शिवलीलाक्का

ता. क. खरं काम असं, की येत्या रविवारी ये आणि त्यांच्याशी एक डाव खेळ. मुद्दाम हरू नकोस, त्यांना लगेच कळतं. तू नेहमीसारखा खेळ, तेवढं पुरे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत यांनी पत्र वाचलं. म्हणाले, “घामावरून डाव कळतो व्हय?” आणि खरा डाव कसा होता ते दाखवायला पट खाली काढला. आता मला शिकवायलाच बसलेत. सकाळपासून हरतेय, कणीक तशीच पडलीय. रविवारची वाट बघू नकोस, मिळेल त्या गाडीनं ये.