दगडावरची टाकी

आबा, काल लेकीला घेऊन अमेरिकेहून परत आले आणि आज सकाळी इथं सिंगापूरला जुरोंग आयलंडच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कंपनी बसमध्ये बसल्यापासून तुमच्याशीच बोलतेय. शेजारचा डुलक्या घेत होता, नाहीतर त्यालाच सगळं सांगून टाकलं असतं. ऐका तर. डिसेंबरच्या सुट्टीत तिथल्या मैत्रिणीकडे गेलो होतो. तिनं सांगितलं, जवळच वाळवंटात एक घळ आहे, आत जुनी कोरीव चित्रं आहेत, वाट अगदी सोपी. खरंच सोपी होती. कोरड्या ओढ्याच्या वाळूतून तासभर चालायचं, दोन्ही बाजूंना तांबडे कडे, ऊन असून हवा गार. लेक सारखी विचारत होती, "स्टिल फार आहे का, मा?" आणि एका वळणावर तिनं कड्याकडे बोट दाखवलं.

कड्याच्या अंगावर काळपट साय धरलेली, आणि त्या काळ्यावर फिकट रंगात बोकड, माणसं, एक भलं मोठं चक्र. हजारो वर्षांपूर्वीचं, म्हणे. मी चित्रांपुढे बांधलेल्या दोरीपर्यंत गेले, वाकून पाहिलं. रेघा नव्हत्याच हो त्या! टाके होते, ठोकून पाडलेले बारीक खड्डे. एकेक टाका, शेजारी दुसरा, तुमच्या पाट्यावर असायचे तसे. तिथं राखणीला एक म्हातारी बाई होती, सरकारी टोपी घातलेली. ती सांगायला लागली, "एक दगड छिन्नीसारखा धरायचे, दुसऱ्यानं ठोकायचे." मला राहवेना. म्हटलं, "यानं बोकडाच्या शिंगापासून सुरुवात केलीय. बघा, तिथं टाके दाट आहेत, शेपटीकडे विरळ. हात भरून आला होता त्याचा. आणि इथं पायाशी घसरला." बाईनं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

मी दिवसभर पाइपांवरचे गंजाचे खड्डे तपासते, तेच सांगून मोकळं होता आलं असतं. पण तोंडातून निघालं, "माझे वडील दगडाला टाकी लावायचे. दारोदार जाऊन झिजलेले पाटे, जाती ठोकून पुन्हा खरखरीत करायचे." लेकीनं झटकन मान वळवली. "आजोबा? यू सेड कॉन्ट्रॅक्टर! व्हाय यू नेव्हर टेल मी?" मी तिथंच वाळूत बसले आणि तिला सगळं सांगितलं. तुम्ही ओट्यावर उकिडवे बसलेले, कपची उडू नये म्हणून डोळे बारीक केलेले. मी नऊ वर्षांची. तुम्ही पाणी प्यायला उठता आणि मी कुणाच्या तरी पाट्याच्या कोपऱ्यात मासा ठोकते. तुम्ही ओरडता, "नक्षी खायचीय का त्यांना? मिरची अडकून बसेल त्यात!" मग अख्खा पाटा पुन्हा ठोकता, पण माशाच्या भोवतीनं. त्या घरची बाई तुम्हाला हसून म्हणते, "राहू दे, पोरीचा हात चांगलाय." वाटेत तुम्ही छिन्नी मला धरायला देता.

लेक परतीची सगळी वाट प्रश्न विचारत होती. छिन्नी केवढी, हाताला फोड यायचे का, रडायचे का आजोबा कधी. इतकी तुमची चौकशी मीसुद्धा कधी केली नव्हती.

तुम्ही आता नाही, हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एक लिहून टाकते. सिंगापूरला निघताना तुम्ही माझ्यासाठी वीतभर पाटा घडवून दिला होता. सामान जड होतंय म्हणून मी तो गावी दादाकडेच ठेवला. तुम्ही दर फोनवर विचारायचात, "पाट्याला टाकी लावायची वेळ झाली का गं?" आणि मी म्हणायचे, "रोज चटणी वाटते त्यावर, आबा, पण अजून धार आहे."