बिनस्टिकरची खुर्ची

३ मार्च, सोमवार

आज सकाळी माझ्या खुर्चीचं एक चाक निखळलं. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर माणसाने तिरकं बसून काम करावं, अशी या कंपनीची इच्छा दिसते. लेखी तक्रार केली. अ‍ॅडमिनवाला म्हणाला, आता कशाला दुरुस्त करायची, पुढच्या आठवड्यात नव्या ऑफिसात जायचंच आहे. म्हणजे तिकडे नवी खुर्ची. बहुधा हातांची. तोवर चाकाखाली जुन्या फायली सरकवल्या.

४ मार्च, मंगळवार

सगळ्यांना स्टिकर वाटले. निळे दुसऱ्या मजल्याचे, पिवळे तिसऱ्याचे. आपापल्या खोक्यांना, टेबलाला, खुर्चीला चिकटवायचे. मला मिळाले नाहीत. प्रशिक्षण विभाग म्हणजे मी एकटाच, तेव्हा कुठला मजला द्यावा असा त्यांना पेच पडला असणार. कदाचित चौथा. साहेब तिथेच बसणार असतील.

बायको म्हणाली, अहो, सरळ विचारा की. म्हटलं, विचारलं तर उतावळेपणा दिसतो. म्हणाली, दिसू दे, आणि तोवर भाजी निवडायला बसा.

५ मार्च, बुधवार

नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी सगळ्या स्टाफपुढे व्याख्यान द्यायचं ठरवलं. कुणी सांगितलेलं नाही. सांगतील. विषय: अनिश्चिततेला सामोरं जाताना. पहिली पायरी लिहून काढली. जे माहीत नाही, ते सरळ विचारा. दुसरी सुचेना.

संकल्प: उद्या सकाळी साहेबांना स्टिकरचं विचारणे.

६ मार्च, गुरुवार

साहेब मीटिंगमध्ये.

दुपारी मोकळे होते. पण जेवणानंतर माणूस सुस्त असतो, अशा वेळी महत्त्वाचे विषय काढू नयेत.

खोकी भरायला घेतली. समोरच्या टेबलावरच्या अकाउंट्सच्या बाईंकडे टेप मागावा लागला. या बाईंच्या प्रत्येक वस्तूवर मार्करने ‘परत करा’ लिहिलेलं असतं. स्टेपलरवर, पंचवर, पाण्याच्या बाटलीवरसुद्धा. माणसाने इतकं संशयी असू नये. देताना म्हणाल्या, माझी खोकी अजून बांधायची आहेत, संपवू नका. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

७ मार्च, शुक्रवार

टेप संपला. माझी खोकी मात्र तिहेरी बंद. चौथ्या मजल्यावरून पडली तरी फुटायची नाहीत.

बाईंनी टेप मागितला. म्हटलं, नव्या ऑफिसात डझनभर देतो. त्यांनी माझ्या खोक्यांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि चक्क गप्प बसल्या. एरवी त्यांचं तोंड बंद करायला तो टेप पुरला नसता.

बायकोने विचारलं, काय झालं? सांगितलं, वातावरण अनुकूल आहे. म्हणाली, मी हवामान नाही विचारलं.

१० मार्च, सोमवार

नव्या ऑफिसचा नकाशा बोर्डावर लागला. कोण कुठे बसणार ते नावानिशी. माझं नाव नाही. चौथा मजलाही नाही. हे दोन्ही जुळतं. वरच्या लोकांच्या जागा अशा चारचौघांत लावत नाहीत.

तरी खबरदारी म्हणून अ‍ॅडमिनवाल्याच्या टेबलावरून दोन पिवळे स्टिकर उचलून खुर्चीला लावले. जेवून आलो तर कुणीतरी सोलून नेलेले. खुर्चीवर गोंदाचे डाग. या डागांचीही तक्रार करणार आहे.

१२ मार्च, बुधवार

हमाल आले. त्यांचा मुकादम स्टिकर बघून ओरडत होता, दुसरा, तिसरा, तिसरा. माझ्या टेबलापाशी थांबला. मी म्हटलं, हे चौथ्यावर जायचं असेल. तो म्हणाला, चौथ्यावर गच्ची आहे साहेब. बिनस्टिकरचं सगळं भंगारात.

मग गेलो. पहिली पायरी.

साहेब म्हणाले, मला वाटलं अ‍ॅडमिनने तुम्हाला सांगितलं असेल. अ‍ॅडमिनवाल्याला वाटलं होतं साहेबांनी सांगितलं असेल. प्रशिक्षण विभाग बंद. महिनाअखेरपर्यंत पगार. फार चांगले होतात तुम्ही, असंही म्हणाले. मी समोरच उभा होतो.

बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाली, खोकी टॅक्सीत घाला आणि या, जेवायची थांबते.

१३ मार्च, गुरुवार

खोकी घरी फुटता फुटेनात. सुरी बोथट झाली.

दुपारी स्टेशनरीच्या दुकानातून टेप घेतला. वर मार्करने लिहिलं, ‘परत केला’. नव्या ऑफिसात गेलो. लिफ्टमध्ये बटणं तीनपर्यंतच. बाई जागेवर नव्हत्या. त्यांची खोकी सुतळीने बांधलेली, अजून तशीच भिंतीशी. टेप त्यांच्या स्टेपलरशेजारी ठेवला आणि जिन्याने उतरलो.