माझा पेशंट झोपलाय

तीर्थरूप बाबांच्या चरणी नमस्कार.

‘पहिला नंबर काढून शेवटी मालिशच करायची असेल, तर पत्रही पाठवू नकोस,’ असे मी निघताना तुम्ही म्हणाला होतात. तरीही लिहिते आहे. या आगाऊपणाची क्षमा असावी.

मी खुशाल आहे आणि वेळेवर जेवते. थोडी बारीक झाले आहे, हे आईला सांगू नये. तिचा गुडघा कसा आहे?

मी मालिशचे काम करते त्या रुग्णालयात एचआयव्हीसह जगणारी किशोरवयीन मुले औषधांसाठी येतात. मालिशने तो आजार जात नाही, पण अंगदुखी हलकी होते, झोप लागते. स्पर्शाने तो पसरतही नाही, तेव्हा काळजी नसावी.

त्यांतल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीला आईवडील नाहीत. आत्या तिचे सारे मायेने करते, पण हातमोजे घालून. दोन महिने ती मुलगी माझ्याकडून हातांची मालिश शिकली. आज तिने आत्याला खुर्चीत बसवले.

‘मोजे काढ आणि हात दे.’

‘खरखरीत आहेत गं माझे हात.’

‘असू देत. मला कुठे ते गालाला लावायचेत?’

आत्याने मोजे काढले. मुलीने तेल लावून तळवा दाबला, एकेक बोट मोकळे केले. दहा मिनिटांत आत्या बसल्या जागी घोरू लागली. डॉक्टर मुलीला तपासणीसाठी बोलवायला आले, तर ती तोऱ्यात म्हणाली, ‘हळू बोला. माझा पेशंट झोपलाय.’

बाबा, तिला मी शिकवले आहे.

आज्ञा मोडूनही तुमचीच,
धाकटी

पेटीत टाकले: मंगळवार, १८ मार्च २०२५, सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे.