शैतान आणि इब्लीस

१२ जानेवारी १९६५, देरा बंदर, आखात

याकूबला यांनी काल घराबाहेर काढलं! ऐन रमजानात धक्क्यावरून दारू पिऊन आला. सख्खा धाकटा भाऊ यांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा माझा पदर धरून फिरायचा. हे ओरडले, "रमजानात शैतान साखळदंडात असतात. मग याला बहकवलं कोणी? हा स्वतःच इब्लीस! खलास!" मी भांडी घासत राहिले.

१४ जानेवारी

शेजारच्या मरियमबींना विचारलं. "इब्लीस काय नि शैतान काय, एकच गो! रोज्याच्या तोंडी नाव नको घेऊ."

नाही पटत. इब्लीस एकच — कयामतपर्यंत हाकललेला. शैतान पुष्कळ, वाट चुकवणारे. जिन्नांतले, माणसांतलेसुद्धा. पण माणसाला तोबा आहे, तो परत फिरतो. त्याला इब्लीस म्हटलं की परतीचं दारच लावलं!

१५ जानेवारी

डोकं दुखतं. सांजा केला, कोणी खाल्ला नाही. उद्या तोच.

१९ जानेवारी

याकूब लाँचवाल्यांत झोपतो. खोकला लागलाय. निरोप आला — "भाबी, दारू सोडली, तोबा केली. तरी भाई म्हणाले तसाच असेन मी." पोराने असं बोलावं!

इफ्तारनंतर यांना म्हटलं, तोबा केलीय त्याने, घ्या घरात.

"जुलेखा, तू मध्ये पडू नको. मी एक रोजा सोडला नाही, दारूला शिवलो नाही. मी त्याच्याहून चांगला आहे!"

चपला घालून मशिदीत गेले.

२० जानेवारी

कुराणाचा तर्जुमा काढून आदमची हकीकत वाचली. इब्लीसने दारू प्यायली नव्हती. इबादत तर ढीगभर. फक्त अल्लाहने सांगूनही आदमपुढे झुकला नाही — म्हणाला, मी त्याच्याहून चांगला.

त्या पानात खूण घालून ठेवली.

२१ जानेवारी

असरच्या नमाजानंतर यांना तेवढंच वाचून दाखवलं. वर माझा एक शब्द नाही. हे उठले. मग टोपी घेऊन बाहेर.

२३ जानेवारी

माझ्याशी बोलत नाहीत. मरियमबींना कसं कळलं कोण जाणे! "नवऱ्याला दीन-धरम शिकवतेस? मॅट्रिकची मस्ती गो ही!"

२५ जानेवारी

हे आज धक्क्यावर गेले, याकूबला हाताला धरून घरी आणलं. दारातच सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलो रे. माफ कर." पोरगं रडलं. हेही रडले.

मी पडद्याआड उभी. मनात पहिलं काय आलं? याकूबचा खोकला नाही, यांचे डोळे नाहीत. — बघा, मीच खरी!

तोबा. तोबा.