बाबा, मी घाट उतरले

बाबा,

परवा मी सायकलवरून पुसदचा घाट उतरले. तुम्ही ज्या घाटातून परत आला नाहीत, तोच. आज मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे, आणि तरी हे कुणाला सांगावं म्हटलं की आधी तुम्हीच डोळ्यांसमोर येता. गेलेल्या माणसाला लिहायचं एक बरं असतं, मध्येच कोणी चुका काढत नाही. तुम्ही फार काढायचात.

तुम्ही बंजारा तांड्यावर मास्तर; शनिवारी सकाळची शाळा सुटली की सायकलवरून घाट उतरून घरी यायचात. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे, मी दारात उभी राहून घंटीची वाट बघते आहे. एका उन्हाळ्यात तुम्ही माझ्यासाठी जुनी लेडीज सायकल आणलीत आणि शाळेच्या मैदानावर शिकवायला नेलंत. मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि तोंडावर आपटले. मला उचलायच्या आधी तुम्ही रागावलात. "पुढचा बिरेक कायले दाबतं? मांगचा आंधी! डोकं कुठं ठेवलं होतं?" माझा गुडघा फुटलेला आणि तुम्ही शुद्धलेखन तपासावं तसे माझ्या चुका सांगत होतात. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. पुढच्या पावसाळ्यात, एका शनिवारी, ओल्या घाटात तुमचेच ब्रेक लागले नाहीत. तेरवी झाल्यावर आईनं माझी सायकल देऊन टाकली. "या घरात आता सायकलचं नाव काढाचं नाही," ती म्हणाली, आणि आम्ही कधी काढलंही नाही.

मग गेल्या वर्षी माझा गुडघा कुरकुरायला लागला आणि डॉक्टरांनी नेमकी सायकलच चालवायला सांगितली. यवतमाळात आमचा एक ग्रुप आहे, पहाटे उठून उगाच लांब जाणाऱ्या लोकांचा. त्यांनी ठरवलं, यवतमाळहून डोंगरातून पुसदपर्यंत जायचं, देणग्या गोळा करायच्या आणि घाटावरच्या तांड्यांतल्या मुलींना सायकली द्यायच्या. हायस्कूल लांब पडतं म्हणून त्या घरी बसतात. तुम्ही पाटीवर अक्षरं गिरवून घेतलीत त्या पोरींच्या या नाती. नाही कसं म्हणणार? आई आता माझ्याकडेच असते. तिला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिनं जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "जाजो. पन उतारावर बिरेक सोडू नोको. अन् खाली आली का आंधी मले फोन कर."

निघालो तर वाटेत आपली माणसं! बोरी अरबला पहिला सत्कार, प्रत्येकाला शाल आणि नारळ. दारव्ह्याला पुन्हा शाल, पुन्हा नारळ. दिग्रसला तेच. घाटाअलीकडच्या एका गावात सरपंचबाईंनी आधी आलू-पुरी खायला घातली आणि वर नारळ दिले. आम्ही नको नको म्हणालो तर त्या म्हणाल्या, "पाहुने सायकलीवर येऊन राह्यले, अन् रिकाम्या हातानं जाऊ द्याचे?" सामानाची गाडी पुढे चहाची सोय बघायला गेलेली. सत्काराचा नारळ रस्त्यात टाकवत नाही. शेवटी हँडलला पिशव्या अडकवून, पोटात पुऱ्या आणि पिशवीत नारळ घेऊन आम्ही घाट चढायला लागलो. बाभळींना कापूस अडकलेला, तुरी फुलावर, आणि सगळ्यांच्या तोंडून फक्त हाश-हुश.

आमचा कॅप्टन मेडिकलवाला आहे, माझ्या लेकाच्या वयाचा. तो सारखा मागे वळून म्हणायचा, "मॅडम, चढाचं टेन्शन नोका घेऊ, मी आहो." चढाचं टेन्शन नव्हतंच मला. मी चढत गेले आणि माथ्यावर येऊन थांबले. तिथे ट्रकवाले उतरण्याआधी नारळ फोडतात ते छोटं देऊळ आहे. आमच्या लोकांनी सगळे नारळ तिथेच फोडले. एक ट्रकवाला खोबरं खात हसत होता. सगळे पटापट उतरायला लागले आणि माझे पाय रस्त्याला चिकटले. कॅप्टन परत आला. "काय झालं? आता तर मजाच मजा आहे." मी त्याला तुमचं सांगितलं. तो सायकलवरून उतरला. मग हळूच म्हणाला, "गाडी बोलावतो. गाडीत बसा, कोनी काही म्हननार नाही." मी हो म्हणणार होते, बाबा. पण गाडीत बसून उतरले असते, तर त्या पोरींना सायकली कोणत्या तोंडानं दिल्या असत्या? त्याला म्हटलं, तू पुढे हो.

मागचा आधी, मग पुढचा. पहिल्या वळणापर्यंत तुमचाच आवाज कानात होता. बोटं दुखेपर्यंत दाबून धरले होते ब्रेक. तुम्ही पडलात म्हणून आई एसटीतून दाखवायची ती जागा आली. तिथे आता कठडा बांधला आहे. मी तिथे थांबेन, हात जोडेन, असं ठरवलं होतं. थांबले नाही. तो कठडा मागे गेला, पुढे सरळ रस्ता दिसला, खाली पुसदची घरं दिसली, आणि माझी बोटं सैल झाली.

खाली पोचल्यावर आईला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. "बिरेक दाबूनच उतरली ना?" मी हो म्हटलं. संध्याकाळी सायकली वाटताना मला दोन शब्द बोलायला लावले, तेव्हाही म्हणाले की संपूर्ण उतारभर मला बाबांची आठवण येत होती. बायांनी डोळे पुसले.

तुम्हाला मात्र खरं सांगते. त्या कठड्यानंतर मी ब्रेक सोडून दिले होते, वारा कानात शिरत होता, मी पोरीसारखी ओरडत होते, आणि खाली येईपर्यंत मला तुमची एकदाही आठवण झाली नाही. फार मजा आली, बाबा.